पंधराशेच्या आत

चौदाशे साठ रुपये.
परतीच्या मेट्रोचे वीस वेगळ्या खिशात.
झेरॉक्सच्या दुकानातले तीन महिने
पाठपोट पानांसारखे मोजून
मी बर्डीला उतरले. मे महिना, दुपारचे दोन,
दुपट्ट्यातून फक्त डोळे बाहेर.
आमच्याकडे उन्हाळ्यात कान आधी झाकतात.

शाकिरने काचेवर सात डब्या मांडल्या.
"हा लावा, ताई. बेस ऐका, बेस. छाती हालून राहिली ना?"
हालून राहिली होती.
पण छाती हलवायला घरी कूलर आहे,
त्याचा पत्रा रात्रभर वाजतो.
मला त्याच्याखाली काय दबलंय ते पाहिजे होतं.

"बिनतारी घ्या ना. आता वायर कोण घेते?"
म्हटलं, मी घेते.
चार्जिंगची डबी, निळा दिवा, बटणं,
यांचे पैसे वजा केले
तर आवाजाला उरतात किती?
तो हसला. "सव्वादोनशे," म्हणाला.
खरं बोलला, म्हणून दुसऱ्या दुकानात गेले नाही.

गाणं नव्हतं लावलं मी.
माझ्या फोनात एक वरात आहे,
कामठी रोडची, साल दोन हजार सात,
कुण्या नवरदेवाच्या सीडीवरून उतरवलेली.
बारा माणसं, एक जनरेटर, एक बिथरलेला घोडा,
आणि त्या बारा जणांत कुठेतरी
क्लॅरनेट घेऊन माझे बाबा.
फोनच्या स्पीकरवर हे सगळे मिळून
जिन्यावरून घरंगळणारा एक रिकामा पिंप.

पहिल्यात ढोलच ढोल.
दुसऱ्यात झांज, कैरीने आंबलेल्या दातांसारखी.
तिसऱ्याचं रबर कानात मावेना.
शाकिरने खालच्या खणातून लहान रबर शोधलं,
शर्टाला पुसलं,
"ताईचा कान लेकराचा आहे," म्हणाला,
ते चौथ्याला चढवलं,
आणि बर्डी बंद झाली.

अकराशे नव्वद. करडी वायर,
डबीवर कुणा हिरोचा फोटो नाही.
घोडा डावीकडे गेला.
जनरेटर मागे सरकून भिंतीला टेकला.
माणसं एकमेकांपासून हातभर लांब उभी राहिली
आणि मधल्या फटीतून एक क्लॅरनेट
बारीक, तिखट,
सरळ माझ्याकडे चालत आलं.

"हा पाचवाही लावून पाहा.
तेवीसशेचा आहे. ऐकाले पैसे नाही लागत."
लावला.
सुराच्या आधी कुणीतरी श्वास घेतला.
तेवढं ऐकलं आणि काढून ठेवला,
वायर होती तशी गुंडाळून.

अकराशे पन्नासवर तुटलं.
उरलेले तीनशे दहा बिलाच्या घडीत.

पाचपावलीत बाबा कूलरच्या टाकीत पाइप धरून उभे.
त्यांचा उजवा कान बावीस वर्षं ढोलाशेजारी होता,
तो गेला.
डावा मी त्यांना लावून दिला, उजवा मला.
"हे तुम्ही," म्हटलं. "हे पाहा. आत्ता."

त्यांनी डोळे मिटले.
गुडघ्यावर बोटं छिद्रं शोधू लागली.
"हा लहानू होय," म्हणाले.
"असा सरळ लहानूच वाजवे."
पाइपचं पाणी फरशीवर.
"थांब. तो पाह्य, मागून,
एक ठेका उशिरानं येऊन राहिला ना,
तो मी. चप्पल तुटली होती त्या दिवशी."

मला नाही सापडला.
तेवीसशेत सापडला असता का, कोण जाणे.
मी उठून कूलर बंद केला.
नळ बंद केला.
खिडकीबाहेर कुल्फीवाल्याची घंटी, तीही गेली.
दोघांनाही घाम फुटला.

"पहिल्यापासून लाव," म्हणाले.

घोडा त्यांच्या बाजूला गेला,
मला दिसलाच नाही यावेळी.
लहानू आला. लहानू गेला.
बाबांनी माझ्या हातावर बोट ठेवलं,
अजून दाबलं नव्हतं.