तपकीर गल्लीतली बॅटरी

मोबाइलला असते की, म्हणाली पोरगी.
असते.
पण मोबाइल दातात धरता येत नाही,
आणि टाकीवर वाकलं की डोळे पाण्यावर
अन् जीव त्या मोबाइलमध्ये.
एकदा पडला. नऊ हप्ते बाकी होते त्याचे.

म्हणून मंगळवारी डबे पोचवून
मंडईवरून चालत तपकीर गल्लीत गेले.
केवलशेठनं काचेवर एकेक मांडली,
बांगड्या मांडाव्यात तशी.
ही झूमवाली.
ही पाच मोडवाली, त्यातला एक नुसता उघडझाप करतो,
समुद्रात अडकलं की मदत मागायला.
म्हटलं, धनकवडीला कुठला समुद्र.
मग ही घ्या मावशी, दोन किलोमीटर झोत!

दोन किलोमीटरवर माझं आहे काय?
एक स्मशान आहे, आणि एक नणंद.
दोन्हीकडे अंधारात वाट सापडते.

माझं अंतर मोजून ठेवलंय मी.
गादीपासून कडीपर्यंत सात पावलं,
मधे तिघं झोपलेली, कुणाचा हात कुठे सांगता येत नाही.
मग जिना, चौथी पायरी फुटकी.
गच्चीचं कुलूप.
टाकीचं झाकण, आणि आत पाणी
किती वीत चढलं तेवढं.
साडेचारला येतं, सहाला जातं.
याहून लांबचं मला बघायचं नाही.

चार्जिंगवाली? नको.
दिवे गेले की नेमकी तीच उपाशी असते.
वडिलांची होती तीन सेलची, पत्र्याची,
बुडाच्या झाकणात जादा बल्ब, कापसात गुंडाळलेला.
सेल उतरले की आई उन्हात टाकायची, पापडांशेजारी,
आणि दोन दिवस आणखी चालायचे ते, खोटं नाही.

पण दुपारी एक वाजता बॅटरी निवडायची
म्हणजे जेवून उठल्यावर भाकरी चाखायची.
शेठ म्हणाला, वर माळ्यावर जा, अंधार आहे.
तीन बॅटऱ्या पदरात, शिडी चढले.

वर खोकी, वायरींची भेंडोळी, शिशाचा वास.
पहिली लावली,
माळा पांढराफटक झाला
आणि खोक्यांमागून कुणीतरी ओरडलं, आलो शेठ!
पोरगा होता. पंधराचा असेल, नसेल.
थर्माकोलवर आडवा, डोळ्यांवर कोपर.
झोप रे, म्हटलं. लगेच झोपला,
जसा काही हुकूमच होता तोही.

दुसरीचा झोत वाढवत गेले, कमी करत गेले,
तोवर माझ्याच अंगठ्याला कंटाळा आला.

तिसरी हिरवी, प्लॅस्टिकची.
एक बटण. दोन पेन्सिल सेल.
उजेड ताटाएवढा, जरा पिवळट.
त्यात शिडीचं टोक दिसलं, माझी चप्पल दिसली,
त्याच्या पायाची भेगाळलेली टाच दिसली.
हळूहळू वर नेला उजेड.
पापणी हलली नाही त्याची.

हीच द्या, म्हटलं खाली येऊन.
शेठचं तोंड उतरलं.
मावशी, ही अगदीच साधी, हिला गॅरंटी नाही.
मला तरी कुठे आहे.
नव्वद सांगितले, पंचाहत्तर दिले, सेल धरून.

आता जुन्या परकराची नाडी बांधून
खिळ्याला टांगली आहे दाराशी.
आठ दिवसांत माझे दात उमटलेत तिच्यावर.
साडेचारला उठते, उजेड आधी पायाशी टाकते,
मग हातांमधून, केसांमधून वाट काढत कडीपर्यंत.
कुणी उठत नाही.
पाणी काल तीन वीत होतं, आज अडीच.

परवा पोरगी म्हणाली, आई, तुझी बॅटरी दे,
माझी दोन टक्क्यांवर आलीय.
दिली. नाडीसकट परत आणलीन.

त्या पोराचं नाव विचारायचं राहिलं.