फक्त संत्री

कळमन्याहून लांजेवार मुनीमजींचा फोन, रात्री सव्वाअकराला.
"पावती दोनदा तूट कापून राहिली, साहेब.
सकाळी हर्रास आहे.
नरखेडच्या सात गाड्या गेटात उभ्या आहेत."

मानेवाड्यात, गच्चीवरच्या खोलीत मी.
मार्च सरला नाही तोच भिंती तापलेल्या.
कूलर कालच माळ्यावरून काढला,
गवत बदलायचं राहिलंय,
हवेला मागच्या उन्हाळ्याचा वास.
लॅपटॉपवर जागा उरली नऊ जीबी,
बाकीची पोराच्या क्रिकेटनं खाल्लेली.

आणि कंपनीची रिपॉझिटरी म्हणजे
अख्ख्या राज्याचं मार्केट यार्ड:
कांदा, हळद, बेदाणा, गूळ,
बंद पडलेल्या कापसाचं एक फोल्डर,
कुणीतरी डेमोसाठी टाकलेले
पपईचे चारशे फोटो.

उईकेला फोन लावला. पोरगा जागाच होता.
"सगळं कायले उतरवता, दादा?
फिल्टर लावा, मग आपल्या फोल्डरचं नाव सांगा.
बाकीचं राहते तिथंच. मरत नाही."

असंही करता येतं, हे बावीस वर्षांत
मला कुणी सांगितलं नव्हतं.
मी आपला सगळंच उतरवून घेत आलो.
भिलाई सोडताना आणलेला
तो न चालणारा मिक्सरसुद्धा.

एकच शब्द टाइप केला: संत्री.
फोन खिडकीच्या गजाला टेकवला, तिथंच रेंज येते.
अडीच मिनिटांत आलं.
संत्री, आणि उंबऱ्यातल्या चपलांसारख्या
बाहेरच पडलेल्या दोन-चार फाइली.

गंमत म्हणजे इतिहास पूर्ण उतरला होता,
वस्तू तेवढ्या नव्हत्या.
कोणी, कधी, किती वाजता काय बदललं,
सांगलीची हळद कितीदा दुरुस्त झाली, सगळं रांगेनं.
गावातल्या प्रत्येक मयताची तारीख पाठ असावी
आणि तोंड एकाचंही आठवू नये, तसं.

बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.
कांद्याचं रडणं लासलगावला असो.
आपलं एवढंच: ढेरी, काटा, गाडी, भाव.

मग चालवून पाहिलं. पडलं.
लाल अक्षरांत: तूट सापडत नाही.

शोधत गेलो, तर संत्र्याची तूट
कांद्याच्या फोल्डरात.
तेरा वर्षांपूर्वी तिथूनच ओढून घेतलेली,
कारण कांद्याचं आधी झालं होतं
आणि आपल्याला घाई होती.
आपल्याला म्हणजे मला.

यादीत दुसरा शब्द घातला: कांदा.
सर्व्हर जरा थबकला, मग दिलं त्यानं.
फाइलीच्या डोक्यावर वैदेही नंदनवारचं टिपण:
"हे इथं तात्पुरतं. देवीदास संत्र्याचं वेगळं लिहिणार आहे."

देवीदास मीच.
वैदेही आता कुठं असते, ठाऊक नाही.
हिवाळ्यात सांबारवडी आणायची डब्यात,
मोजून चार माझ्यासाठी झाकून ठेवायची,
वरून म्हणायची, लिहिलं का?
हे कुठल्या फोल्डरात होतं?
मी तर मागितलं नव्हतं.

दोनदा कापण्याचं कारण साधंच निघालं:
एकदा ती कापत होती, तेरा वर्षांपासून, बिनचूक.
आणि एकदा परवापासून मी,
ती कापते हे विसरून.
माझी ओळ काढली. पाठवून दिलं.
टिपण पुसायला कर्सर नेला होता,
तसाच परत आणला.

सहा वाजून दहा मिनिटांनी लांजेवारांचा मेसेज,
पावतीचा तिरपा फोटो, कडेला अंगठा:
"जमलं. भाव पडला पण."

झोपण्याआधी कांदा यादीतून काढायला हवा होता,
आता त्याचं इथं काम नाही.
जागा किती उरली ते पाहिलं.
आठ आणि वर काहीतरी.
राहू दिला.