वरचं काम

नायलेनच्या कारखान्यात
चाळीस वर्षं रेमी वाउटर्सनं हिरे घासले.
ओतीव लोखंडाची चकती, ऑलिव्ह तेलाचा थेंब,
आणि त्या तेलात हिऱ्याचीच पूड.
दुसरं कोण हिऱ्याच्या वाटेला जातं?

आज तो हॅसल्टला आलाय, लेकीच्या प्रयोगशाळेत,
रविवारचा कोट घालून, खिशात भिंग.
"दाखव तुझे हिरे."

हिल्डेगोंड कुपी पुढे करते.
आत राखाडी पाणी,
भांडी विसळून उरावं तसं.
तो भिंग डोळ्याला लावतो, काढतो,
काच पुसतो, पुन्हा लावतो.
हिऱ्यापोटी गारगोटी एक वेळ ठीक,
ही तर काजळी.

काजळीच, बाबा.
पोलादी कोठीत सुरुंगाची दारू उडवली की
भिंतींना काळी पुटं धरतात, त्यांत हे सापडतात.
आम्लात उकळायचे, धुवायचे, पुन्हा उकळायचे.
केसाच्या जाडीत
दहा-बारा हजार ओळीनं बसतील.
एवढी कठीण जात,
पण एकटं राहवत नाही त्यांना.
बिलगतात, गोळा होतात,
गोळा झाले की तळाशी बसतात,
आणि तळाशी बसलेला कुणाच्या कामाचा?

म्हणून ती त्यांचं वरचं बदलते.
हायड्रोजनच्या भट्टीत, पाचशे अंशांवर.
मग पाण्यात प्रत्येक कण अंतर राखून राहतो,
नाताळच्या मिस्साला एकाच बाकावर बसलेल्या
बोलणं तुटलेल्या भावांसारखा,
मधे एक जागा सोडून.
मग कुणाच्या अंगावर औषधाचा रेणू टाचायचा,
कुणाला साखरेची झूल घालायची,
रक्तानं परका म्हणून हाकलू नये यासाठी.
आतला हिरा तोच.

रेमी बराच वेळ गप्प.
खाली कालव्यातून वाळू भरलेली एक बोट
सावकाश निघून जाते.
"आम्ही तरी दुसरं काय केलं?
हिऱ्याच्या आत कोण गेलंय कधी?
सत्तावन्न पैलू, सगळं वरचंच काम.
फक्त तुझा कुणी बोटात घालणार नाही."

"शिरेत घालतील," ती म्हणते.
"पण अजून नाही.
गेल्या महिन्याचे अकरा नमुने
सकाळपर्यंत खाली बसले."
हे ती हसत सांगते,
हातातली कुपी मात्र हलवत राहते.

निघताना तो हात धुतो, सवयीनं, फार वेळ.
उजव्या अंगठ्याच्या कडेला निळसर काळा ठिपका,
अडुसष्ट सालचा,
चकतीवरून उडालेली पूड कातडीखाली बसली ती बसलीच.
आईचे सगळे साबण त्यापुढे हरले.
लहानपणी हिल्डेगोंडनं तो नखानं
कितीदा खरवडला होता.

आता ती तो अंगठा दिव्याखाली धरते.
सूज नाही. गाठ नाही.
इतक्या वर्षांत शरीरानं ब्र काढलेला नाही.
"बाबा, ह्याला कसं काय राहू दिलं?"
तो खांदे उडवतो.
"त्यानं विचारलं नाही. मीही नाही."

दार लागतं.
टेबलावर, कुपीत,
पाणी अजून गढूळ आहे.
म्हणजे तरंगतायत.