मोरी क्रमांक ४/२

नकाशावर नाला म्हणजे केसाएवढी निळी रेघ.
पाणलोट मोजला, बेचाळीस हेक्टर.
काळी माती, मध्यम उतार, गुणांक शून्य पूर्णांक चार,
तासाला पंचाहत्तर मिलिमीटर,
म्हणजे सेकंदाला साडेतीन घनमीटर,
म्हणजे नऊशेचे दोन पाइप.
चहा थंड व्हायच्या आत मोरी झाली.

साइटवर एप्रिल.
तळाला भेगा, भेगेत खेकड्याची नांगी.
टेपचं दुसरं टोक मी खलाशाच्या हातात दिलं
तेव्हा पळसाखालून झिंगरू कुमरेनं विचारलं,
"कितीक मोठी करता?"
मी हात पसरून दाखवली.
तो उठला. काठी वर केली, डोक्याच्याही वर,
बाभळीच्या बेचक्याकडे.
तिथं अडकलेल्या पऱ्हाट्या, खताच्या गोणीची चिंधी,
एक निळी चप्पल.
"हे कोनी ठेवलं नाई तिथं."

मी नकाशा उघडला. पाणलोटाची रेषा टेकडीच्या माथ्यावरून गेलेली.
"माथा खरा हाये," तो म्हणाला.
"पन पल्याडचा बांध फुटला माह्या पोरीच्या लग्नाच्या साली.
तवापासून तिकडचं पानी बी खिंडीतून इकडेच येते."
ढोरांच्या वाटेनं आम्ही दीड तास चढलो.
खिंडीतले गोटे गोल होते.
पाण्याशिवाय गोटा गोल होत नाही,
हे मला कॉलेजात शिकवलं होतं
आणि त्या पेपरात मी पास झाले होते.

शहाऐंशी हेक्टर. सात घनमीटर, वर थोडं.
बाराशेचे तीन.

रोडगे साहेब फाइल मागून वाचतात, आधी रक्कम.
"दोनच बसतील. आणि हे
'पूररेषा स्थानिक चौकशीवरून', म्हणजे कोण?"
मी नाव लिहिलं. वय अंदाजे सत्तर. व्यवसाय ढोरकी.

दोन पाइपांतून जाणार साडेपाच.
उरलेलं दीड घनमीटर
रात्रभर टेबलासमोर उभं राहिलं,
बस म्हणायला जागा नव्हती.
पहाटे मी रस्ताच खाली घेतला:
चाळीस मीटर लांब, हातभर खोल बशी,
वर काँक्रीट, खालच्या अंगाला दगडी पिचिंग,
दोन्ही कडांना काळे-पांढरे खुंट.
दिसले तर या. बुडले तर थांबा.

तिसऱ्या वर्षी, पोळा होऊन गेल्यावर,
पोस्टमन खंडारेंचा फोन.
"मॅडम, तुमचा रस्ता पान्यात हाये.
गाडी अडली. लोक शिव्या देऊन राह्यले."
खुंट?
"अर्धे दिसतात."
पाइप?
"दोन्ही तोंडं भरून. आवाज ऐका," म्हणत
त्यांनी फोन पाण्याकडे धरला.
मी कानाशी तो आवाज धरून
भागाकार करत बसले.

दोन तासांनी उतरलं. भराव जागेवर.
शिव्या रास्त होत्या, तिसरा पाइप हवाच होता.

जानेवारीत गेले तर मोरीत शेळ्या,
आणि उकिडवा झिंगरू, विडी ओढत.
त्याच्या टोपीच्या वर, पाइपाच्या गोलाईला
गाळाची रेघ आणि एक वाळकं बोंड.
"बसाले बरी केली," तो म्हणाला.
मी आत शिरले, टेप काढला.
त्यानं न सांगता दुसरं टोक धरलं.