छाट

मार्चमधला शनिवार, सकाळची शाळा.
विडी घरकुलाच्या बाजूनं येणारा वारा
साडेआठलाच तापलेला.
फळ्यावर लिहिलं: सात मिनिटं. काहीही लिहा.

'सर, परीक्षेला आहे का?'
नाही.
'शुद्धलेखन?'
बघणार नाही.
'मग तपासणार कधी?'
तपासणारच नाही म्हटल्यावर
वर्ग असा गप्प झाला
जशी वीज गेल्यावर मागांची गल्ली होते,
कानात खडखड राहते फक्त.

श्रीनिवास गड्डमनं तारीख घातली, समास आखला
आणि समासाशी बसून राहिला.
रुक्साना नदाफनं वही मागून उघडली,
जिथं फुलीगोळा, पेन चालतंय का बघायच्या रेघा,
कुणाकुणाची नावं खोडलेली,
तिथं लिहायला घेतलं.

अनसूया वडलाकोंडा बाकावरूनच म्हणाली,
'म्हंजे सर, यात छाट नाही?'

छाट मला माहीत आहे.
दिवसभर पानं कातरून, तंबाखू भरून, दोरा गुंडाळून
हजार विड्या सुपात घेऊन बाई कारखान्यात जाते,
आणि खिडकीमागचा अंगठा फिरतो:
ही सैल, ही वाकडी, हिचं तोंड नीट मिटलं नाही.
बाजूला काढलेल्यांचे पैसे नाहीत.
विड्याही परत नाहीत.

'नाही,' म्हणालो, 'छाट नाही.'
खिशातलं लाल पेन मी टेबलाच्या खणात ठेवलं.
खण नीट लागत नाही आमचा.

तिनं स्वतःच वही आणून दाखवली.
'आई मोजतीना बोलत नाही.
मी हाक मारली की तीचं पंचवीसाचं चुकतय
म्हणून मी घरात हाक मारत नाही.'

वीस वर्षांची सवय. माझं बोट
'तीचं'वरच्या वेलांटीकडे निघालं होतं.
ते मी कसंबसं मुठीत घेतलं
आणि शिसपेन्सिलीनं खाली विचारलं:
मग कधी मारतेस?

मुख्याध्यापक म्हणाले, छान आहे,
पण नोंद कुठल्या रकान्यात?
मी म्हटलं, बघतो.
अजून बघतोय.

पुढच्या शनिवारी प्रश्नाखाली उत्तर होतं.
एकच शब्द, 'झोपल्यावर'.
वेलांटी चुकायला जागाच नव्हती.

श्रीनिवासनं समास आखला नव्हता त्या दिवशी.
लिहिलं होतं:
'काल लाईट गेली. बाबा लवकर घरी आले.'