बारदान

खोली नंबर सहा, जिन्याखाली. लातूर.
भिंतीवर चिकटपट्टीच्या तीन खुणा: जमीन, कंबर, खांदा.
एक निळा क्रेट, वर टॉवेल झाकलेला,
कारण आत किती आहे ते उचलणाऱ्याला कळू नये
असं पुस्तकात आहे.
वीस सेकंदांत चार वेळा.
दर फेरीला बायकांना सव्वादोन किलो वाढवायचे,
पुरुषांना साडेचार.
नाडी फार पळाली, की थांबवायचं.
स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहून जरासं जास्त झालं, की थांबवायचं.
बास म्हणाले, की थांबवायचं.

प्रयागबाई क्रेटला हात लावायच्या आधीच बास म्हणाल्या.
डाळमिलमध्ये चाळणीवर बावीस वर्षं.
मान उजवीकडे वळत नाही,
हाक मारली तर त्या अख्ख्याच वळतात.
"चुंबळ न्हाई का वो?"
आठ दिवसांनी नळ येतो तेव्हा
दोन जिने घागर डोक्यावर चढते त्यांच्या.
पण हातांनी, खांद्यापर्यंत, असं समोर धरून?
कुणाची वस्तू असल्यासारखं बघत राहिल्या क्रेटकडे.
थांबण्याच्या कारणाला फॉर्मवर तीन चौकटी:
वेदना, थकवा, नाडी.
भीतीला चौकट नाही.
समासात लिहिली. पेन्सिलीनं.

मग केरबा सुरवसे. मोंढा, चौतीस वर्षं.
वजन बावन्न.
चौथ्या-पाचव्या मणक्यातली गादी सरकलेली,
डाव्या घोट्यापर्यंत मुंग्या.
कमरेचा हूक काढा म्हटलं
तर टेबलावर माझ्या पेनांशेजारी नीट ठेवला.

साडेचार.
"साडेसहा," तो म्हणाला.
मी बोलले नाही. बोलायचं नसतं.
नऊ.
"अकरा."
साडेतेरा.
"साडेपंधरा धरा."
दुखणाऱ्या पाठीला वजन जास्तच वाटतं,
मनात म्हटलं, हे मी परीक्षेत लिहिलेलं आहे.
अठरा.
"ईस."
साडेबावीसला पायाची बोटं फरशी धरू लागली,
मानेवर एक शीर उभी राहिली, दोरीसारखी.
चेहरा मात्र मोंढ्यातला,
सौदा फुटेपर्यंत कुणाला काही कळू न देणारा.
"दुखतंय का?"
"छ्या. चालू द्या."

मंडळाच्या कागदाला एकच शब्द हवा होता:
हलकं, मध्यम किंवा जड.
हलकं म्हणजे झाडू, आणि झाडूचा रोज.
जड म्हणजे पोत्यामागं पैसे.
हे त्याला माझ्याआधी ठाऊक होतं.

सत्तावीस.
"एकोणतीस," दात आवळून.
तिसऱ्या उचलीला मी म्हटलं, थांबा.
त्यानं चौथी केली,
क्रेट आवाज न करता खाली टेकवला
आणि म्हणाला,
"थांबलो असं लिवू नका. तुमी थांबवलाव."

पाणी प्यायला. उभ्यानंच, बसलं की उठताना कळतं म्हणून.
टॉवेल बाजूला सारून आतली वजनं मोजली,
ओठ हलवत, साडेचाराची सहा.
मग क्रेटच्या काठाखालून बोट फिरवलं.
"बारदान धरलाव का वो म्याडम?"

रिकामा क्रेट काट्यावर ठेवला.
दोन किलो.

तीन वर्षं. दोनशेच्या वर फॉर्म.
कुणाची मान, कुणाची कंबर, सगळ्यांच्या नावावर दोन किलो कमी.
माझे कान तापले.
आणि बावन्नच्या हिशेबानं
याला अठ्ठाविसाच्या पुढं जाऊच द्यायचं नव्हतं.

त्याला त्याचं काही विशेष नव्हतं.
"मोंढ्यात बारदानाचं किलोभर वजा करत्यात," तो सांगू लागला,
हूक परत कमरेला खोचत,
"मालातून. पाठीवरून न्हाई करत कुणी."
आणि हसला, हसताना कमरेला हात गेला,
तो लगेच खाली घेतला, मी बघतेय म्हणून.

फॉर्मवर सत्तावीस खोडलं. एकोणतीस लिहिलं.
शब्दाची जागा अजून रिकामी.
"आन् टॉवेल?" तो म्हणाला.
टॉवेलही ठेवला काट्यावर.
एकशे ऐंशी ग्रॅम.