पोकळ फरशा

ईरण्णा तोरगल, तुझ्या हिशोबात
माझ्या परड्यातला पूल बुधवारी पुरा झाला.
वीस बाय बारा, निळी फरशी,
स्टीलची शिडी, तिचं प्लास्टिकही अजून निघालेलं नाही.
पेढे आणलेस खानापूर स्टँडवरून,
कुंदाच आणणार होतो, म्हणालास,
बेळगावला जायला झालं नाही.

पाणी भरायला दोन रात्री गेल्या.
तिसऱ्या सकाळी चहा घेऊन काठावर बसले
आणि पाण्यानंच तुझं नाव सांगितलं.
चाफ्याकडच्या काठाखाली एक फरशी कोरडी,
न्हाणीकडं दीड.
पाणी तिरकं उभं राहत नाही, ईरण्णा.
छत्तीस वर्षं भूमिती शिकवली मी,
एवढं कळतं.

दिवेलागणीला चार बोटं पाणी कमी.
ऐन एप्रिलात फर्नांडिसांच्या केळीखाली चिखल,
केळ मात्र खूश.

फोन केला. «नाळे येतो, टीचर.»
तुझा नाळे मंगळवारचा शनिवार झाला,
शनिवारी अमावास्या निघाली,
मग धारवाडला पाहुण्यांचं लगीन,
मग फरशीवाला गवंडी न सांगता गोव्याला गेला.
शेवटचा हप्ता, चाळीस हजार,
मी तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला.
भाऊ म्हणाला, कोर्टात जा.
आपल्या भागात राहून असं बोलतोस, म्हटलं,
इथं कोर्ट म्हणजे तारखा हे शेंबड्या पोराला ठाऊक.

आलास शेवटी. पूल उपसून रिकामा,
मी तळाला, गुडघे शिव्या देत असताना,
एका हातात दोन रुपयांचं नाणं,
दुसऱ्यात शाळेतून उरलेला खडू.
यादी लिहून उपयोग नव्हता:
मराठी तू बोलतोस, वाचत नाहीस,
कन्नड मी वाचते बसच्या पाटीपुरतं.
म्हणून वाजवत गेले.
टक. टक. टक.
ठप्.
तिथं गोल.

एकतीस गोल झाले.
तू वर, हाताची घडी घालून.
«सगळ्या पुलात होतंय की ओ असं,
जरा अडजस्ट करा.»
मी काही बोलले नाही. नाणं वर धरलं तुझ्यापुढं.

बराच वेळ धरलं.

मग तू चपला काढून उतरलास.
भिंतीला कान लावलास,
पोटुशी गाय तपासावी तसा, डोळे मिटून.
मला टक वाटलं होतं तिथंही
तुला ठप् ऐकू आलं.
खडू मागून घेतलास.
एकतीसचे त्रेपन्न झाले,
वरचे बावीस तुझ्या हातचे,
आणि माझ्यापेक्षा चांगले गोल.

भिंतीकडं तोंड करूनच म्हणालास,
«बापानं सतरा विहिरी बांधल्या.
एकीची तक्रार नाही आली घरला.»
मी खडूची पूड झटकली. काय बोलणार?

त्रेपन्न फरशा उचकटल्या.
मागं अंगठा जाईल एवढी पोकळी,
एकीत मुंग्यांची अंडी,
एकीत विडीचं थोटूक, गोव्याला गेलेल्याचं.
खालच्या पाइपच्या सांध्याला सोल्युशनच नव्हतं,
नुसता घुसवलेला, आशेवर.

काठाचं मात्र जमेना.
सरळ करायचा तर सगळंच फोडायचं.
तू म्हणालास फोडतो, आवाज बारीक.
मी एक रात्र घेतली.
राहू दे, म्हटलं, सहा हजार कापते.
तू चारवर अडलास. पाचवर उठलो.
कुणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहिलं,
दोन लिप्यांत दोन सह्या,
साक्षीला फर्नांडिस, तोंड पाडून,
कारण केळीचं पाणी बंद झालं होतं.

आता रोज सहाला उतरते.
चाफ्याकडं एक, न्हाणीकडं दीड.
रोज दिसतं. रोज थोडी चिडते, मग हात मारते.

काल उरलेले पैसे न्यायला आलास,
मोजलेस, खिशात घातलेस, तरी उठेनास.
पायाचा अंगठा पाण्यात बुडवून बघितलास.
«पाच पूल बांधले, टीचर. पवायला येत नाही.»
उतर, म्हटलं, मी धरते हनुवटीखाली,
पोरींना धरायची मलप्रभेत.
लाजलास. शेजारीच असलेली चप्पल
इकडंतिकडं शोधायला लागलास.
«नाळे,» म्हणालास.